हिमनद्या: पाण्याची कणगी

आमच्या पुष्कळ वाचकांनीं आकाशांतून पडणारा बर्फ गारांच्या रूपानेंच पाहिला असेल. बर्फाचीही नदी असते व ती चालते, असें सांगितल्यास त्यांस नवल वाटेल. तथापि ही गोष्ट खरी आहे, आणि कोट्यवधि शेतकऱ्यांचें पाणी तिच्याशीं निगडित आहे. म्हणून आज आम्ही तिजविषयीं लिहितों.

१. हिमनदी कशी होते? — उंच पर्वतांवर व ध्रुवांजवळ पावसाऐवजीं हिम पडतें. तें सर्व वितळण्यापूर्वींच त्यावर पुढील वर्षाचें हिम पडतें. वरच्या भारानें खालचें हिम दडपून त्याचा घट्ट बर्फ होतो, आणि थर पुरेसा जाड झाला म्हणजे तो आपल्याच वजनानें उताराकडे सरकूं लागतो. हीच हिमनदी होय. जी सरकत नाहीं ती हिमनदी नव्हे.

२. हा बर्फ कोठें आहे? — अंटार्क्टिका खंडावर सुमारें १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर बर्फ पसरला असून त्याची जाडी सरासरी २ किलोमीटर आहे. त्याच्या खालोखाल ग्रीनलंड. आमच्या देशांत गंगोत्रीची हिमनदी सुमारें ३० किलोमीटर लांब आहे. गोमुख येथें तिच्या तोंडांतून भागीरथी निघते. मंगळ ग्रहाच्या दोन्ही ध्रुवांवरही बर्फाचे जाड थर आहेत. परंतु त्यांपासून कोणाचें शेत पिकत नाहीं.

३. तिचा उपयोग काय? — गोदावरी व कृष्णा या पावसाच्या पाण्यावर चालतात, म्हणून उन्हाळ्यांत त्यांचीं पात्रें रोडावतात. हिमालयांतील नद्यांस मात्र उन्हाळ्यांतच वितळलेल्या बर्फाचें पाणी मिळतें. हिमनदी ही जणूं कणगी आहे: हिंवाळ्यांत भरावी, उन्हाळ्यांत काढावी.

४. आज काय होत आहे? — दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्यानें हवेंत कार्बन डायऑक्साइड वायु वाढला आहे. तो उष्णता अडवून धरतो, म्हणून कणगींत पडतें त्याहून अधिक निघतें. आइसलंडांतील ओक नांवाची हिमनदी इतकी पातळ झाली कीं ती सरकेनाशी झाली. २०१४ सालीं तिला हिमनद्यांतून वगळण्यांत आलें, व २०१९ सालीं तेथें स्मरणार्थ फलक बसविला गेला. वितळलेल्या पाण्याचीं तळींही फुटतात. ऑक्टोबर २०२३ मध्यें सिक्कीमांतील दक्षिण ल्होनक तलाव फुटला. तिस्ता नदीस महापूर येऊन चुंगथांगचें धरण वाहून गेलें.

५. एक फसवणूक — बर्फ अधिक वितळूं लागला म्हणजे प्रथम नदीस पाणी वाढतें, आणि लोकांस वाटतें कीं सुकाळ आला. वाचकहो, बियाण्याची कणगी फोडली म्हणजे त्या दिवशीं घरांत धान्य पुष्कळ दिसतें. पण पेरणीच्या वेळीं काय? तो वाढलेला ओघ उत्पन्न नव्हे. तें भांडवल आहे.

प्रश्न: (१) हिमनदी व साधा बर्फ यांत भेद काय? (२) हिमालयांतील नद्यांस उन्हाळ्यांत पाणी कोठून मिळतें? (३) वाढलेलें पाणी पाहून कोणी आनंद केल्यास त्यास काय सांगाल?