पाय लुळे पडलेले मूल आणि त्याचे घर

काल संध्याकाळपर्यंत अंगणात धावणारे मूल सकाळी उभे राहावयास जाते आणि खाली बसते. दुसऱ्या दिवशी त्याला उकिडवे बसून उठता येत नाही. तिसऱ्या दिवशी हातातील पेला निसटतो. ताप नसतो, मारही लागलेला नसतो. कोरपना तालुक्यातील एखाद्या कोलाम गुड्यावर असे घडले, तर घरच्यांच्या मनात प्रथम येतो तो लकवा किंवा बाहेरची बाधा. एक दिवस पुजाऱ्याकडे जातो, दुसरा सलाईन लावून घेण्यात. या रोगात नेमके हेच दिवस मोलाचे असतात.

गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, हे त्याचे नाव. १९१६ साली गिलाँ, बारे व स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. वर्षाला लाखात एक-दोघांनाच होणारा हा रोग. जुलाब किंवा सर्दी-खोकला होऊन गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी, जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूचे बाह्य कवच मज्जातंतूंवरील काही द्रव्यांसारखे असते. त्यामुळे ही गफलत होते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या परिसरात या रोगाचे रुग्ण एकाएकी वाढले. पुढे त्यांची संख्या दोनशेवर गेली व काही मृत्यूही झाले. अनेकांच्या शौचनमुन्यांत हा जंतू सापडला आणि दूषित पाण्यावर संशय गेला. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने विहिरीत ब्लीचिंग पावडर वेळेवर टाकणे ही किती गंभीर गोष्ट आहे, हे यावरून ध्यानात यावे.

पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला अचानक लुळेपणा आला, तर पोलिओ निगराणीच्या नियमानुसार ती बातमी आरोग्य यंत्रणेला त्वरित कळविली जाते आणि शौचाचे दोन नमुने तपासले जातात. भारत २०१४ साली पोलिओमुक्त घोषित झाला तरी हा नियम कायम आहे. आशा कार्यकर्तीला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला सरपंचाने केलेला एक दूरध्वनी येथे पुष्कळ काम करतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत मुलाला एका श्वासात मोठ्याने अंक मोजावयास सांगावे. मोजणी दर तासाला आखूड होत असेल, आवाज बारीक होत असेल किंवा घोट गिळताना ठसका लागत असेल, तर श्वासाचे स्नायू दुबळे होत आहेत, असे समजावे व तोंडातून काही देऊ नये. अशा मुलाला कृत्रिम श्वसनयंत्राची सोय असलेल्या चंद्रपूर किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या रुग्णालयातच न्यावे लागते.

तेथे इम्युनोग्लोब्युलिन हे औषध शिरेतून देतात किंवा रक्तातील द्रव बदलतात. वीस किलो वजनाच्या मुलाला सुमारे चाळीस ग्रॅम औषध लागते आणि त्याचा खर्च रोजंदारीच्या घराला झेपणारा नसतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचारांची हमी आहे. मात्र शिधापत्रिकेत मुलाचे नाव नसणे ही दुर्गम वस्त्यांतील नित्याची अडचण. ग्रामसेवकाने व तलाठ्याने कागद त्याच दिवशी हाती द्यावेत आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राची गाठ कोणी घ्यावयाची, हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

यापुढची गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. बहुतेक मुले पुन्हा चालू लागतात, परंतु त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. आई नागपुरात वॉर्डाबाहेर चटईवर. बापाची कापूस वेचणीच्या ऐन दिवसांतील रोजी बुडालेली. आणि घरी धाकट्यांना सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीची शाळा बंद झालेली. आजारी मूल बरे होते आणि मुलगी मात्र शाळेत परतत नाही, असे घडू शकते. शिक्षकांनी या मुलीकडे आजाऱ्याइतकेच लक्ष द्यावे. धाकट्यांना अंगणवाडीत व शेजारघरी ठेवण्याची आणि आळीपाळीने शिजलेले अन्न पोचविण्याची व्यवस्था महिला बचत गट करू शकतो. रोग संसर्गाने पसरत नाही, हे मात्र आधी चार लोकांत स्पष्ट सांगितले पाहिजे. नाहीतर शेजारी उंबरा ओलांडणार नाहीत.

मूल घरी आल्यावर फिजिओथेरपिस्टने शिकविलेले व्यायाम रोज करावे लागतात, नाहीतर घोटे आखडतात. त्याचे नाव हजेरीपटावरून कमी होऊ देऊ नये. शिक्षकाने आठवड्यातून दोनदा घरी जाऊन पाठ घ्यावा. शाळेत परतल्यावर मूल जमिनीवर मांडी घालून बसू शकेलच असे नाही, म्हणून दाराजवळ बाक हवा. शौचालयात धरावयाला दांडी नसेल, तर ते दिवसभर पाणी पिणे टाळते. असे मूल विचारल्याशिवाय बोलत नाही. अपंगत्व टिकून राहिले, तर ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील दिव्यांगांसाठी राखीव पाच टक्के निधी आहेच. भिंतीला एक लोखंडी दांडी बसविण्यास मात्र त्या प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.