सेप्सिस : आकडे उतरले, म्हणजे धोका टळला?

प्रश्न : वडील सेप्सिसमुळे आयसीयूत आहेत. प्रोकॅल्सिटोनिन आणि लॅक्टेट वारंवार तपासतात. आकडे उतरले म्हणजे धोका टळला का?

उत्तर : आकडे उतरणं ही चांगली खूण आहे, पण तेवढ्यावर निश्चिंत होता येत नाही.

प्रोकॅल्सिटोनिन जिवाणूसंसर्गात काही तासांतच चढतं आणि संसर्ग आटोक्यात आला की साधारण २४ तासांत निम्म्यावर येतं. म्हणूनच एखाद्या दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याचा उतार महत्त्वाचा. नेदरलँड्समधल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हा आकडा शिखरापासून ८० टक्के उतरला किंवा ०.५पर्यंत आला, की प्रतिजैविकं थांबवण्याचा सल्ला दिला जाई. औषधांचे दिवस घटले, मृत्यू वाढले नाहीत. मात्र मोठी शस्त्रक्रिया किंवा गंभीर भाजण्यानंतरही तो चढतो. त्यामुळे प्रतिजैविक सुरू करण्याचा निर्णय त्यावर सोपवू नये, असं २०२१ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सुचवतात.

लॅक्टेटचं काम वेगळं. ते अवयवांवरचा ताण दाखवतं. पुरेसं सलाइन देऊनही ते २ मिलिमोलच्या वर असेल आणि रक्तदाब टिकवायला औषध लागत असेल, तर तो सेप्टिक शॉक.

अहवालासोबत वडिलांची शुद्ध, श्वास, रक्तदाब आणि लघवीचं प्रमाण यांबद्दलही डॉक्टरांना रोज जरूर विचारा.