ज्याचं दुकान, त्याचंच मत

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण हा प्रकार कुणालाही सांगितला की पहिलं वाक्य हमखास तेच येतं : ‘अगं, नीट विचारून तरी घ्यायचं.’ मी विचारलं होतं. तीन प्रश्न विचारले होते, लेखी, आणि तिन्हींची उत्तरं माझ्या फोनमध्ये जशीच्या तशी आहेत. गेममधली पात्रं हिंदीत बोलतात का? ‘हाव ताई, फुल हिंदी.’ कोडी जास्त की मारामारी? ‘ताई, पूर्ण डोक्याचा गेम आहे.’ गोष्ट शेवटपर्यंत जाते की मध्येच सुटते? ‘शेवट पाहून डोळ्यांत पाणी येईन तुमच्या.’

तिन्ही उत्तरं मला फसवणारी निघाली. आणि ती देणारा माणूस आजही नागपुरात बसून ‘कोणता गेम घ्यावा’ हे लोकांना सांगतो आहे.

गेम होता ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने केलेला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला, तरी काम सोडलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेन्डो स्विचवर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कॉम्प्युटर आणि बाकीच्या कन्सोलवर. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या गेमच्या नामांकनात त्याचं नाव होतं. राजी ही सर्कशीत कसरती करणारी पोर. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. तिची ती वाटचाल दुर्गा आणि विष्णू वरून पाहत असतात, एकमेकांशी बोलत असतात. आपल्याला गोष्ट कळते ती त्यांच्याच तोंडून. हे वाचल्यावर मला तो हवाच होता. कोडं दिसलं की मला सुटेपर्यंत चैन पडत नाही. आणि सासूबाईंना देवीच्या गोष्टी लागतात. संध्याकाळी टीव्हीवर जे चालतं त्यापेक्षा हे कितीतरी बरं, असा साधा विचार होता.

मत कुणाचं घ्यायचं? आमच्या कारंजात गेम खेळणारी पोरं पुष्कळ आहेत, पण सगळी मोबाइलवरच्या गोळीबाराची. म्हणून मी व्हिडिओ पाहिले. त्यातला एक नागपूरचा, आपल्या बोलीत बोलणारा, ‘बरं जी’, ‘काहून नाही’ म्हणणारा. खाली कौतुकाच्या कमेंटची रांग. ‘गोलूची गोष्ट पाहून रडलो’, ‘कोडी एक नंबर’, ‘भाऊमुळे घेतला, पैसे वसूल’. आणि व्हिडिओखाली त्याचाच नंबर : गेम स्वस्तात मिळेल. गेम आणि एक जुना कंट्रोलर मिळून १,४०० रुपये मी यूपीआयने पाठवले.

कंट्रोलरचं आधी सांगून टाकते. पत्ता मी पूर्ण दिला होता : कारंजा (घाडगे), जिल्हा वर्धा, पिनसकट. त्याने पाकिटावर नुसतं ‘कारंजा’ लिहिलं आणि ते गेलं वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला. आमच्या गावाला हे नवं नाही. ज्यांना बाहेरून सामान मागवायचं असेल त्यांनी कंसातलं घाडगे आणि जिल्ह्याचं नाव पाठवणाऱ्याकडून परत वाचून घ्यावं. आपला पिन ४४२ ने सुरू होतो, त्यांचा ४४४ ने, तेवढं तरी त्याला पाहायला सांगावं. पाकीट परत गेल्यावर त्याने मला लिहिलं, ‘पत्ता चुकीचा दिला तुम्ही.’ मी माझा जुना मेसेज त्याला परत पाठवला. त्यावर उत्तर नाही.

गेमचं मात्र वेगळंच निघालं. तो म्हणाला, तुमच्याकडे नेट हळू आहे, मी फाइल ड्राइव्हवर ठेवल्या आहेत, त्या उतरवा. मग एनीडेस्कवरून, म्हणजे दुरून दुसऱ्याचा लॅपटॉप चालवायच्या अ‍ॅपवरून, मी पाच मिनिटांत चालू करून देतो. मी लॅपटॉपवरचं बाकी सगळं बंद केलं, समोरच बसून राहिले आणि त्याचं काम होताच एनीडेस्क काढून टाकलं. गेम सुरू झाला. पडदा उघडला आणि खरं सांगते, इतकं देखणं काही मी लॅपटॉपवर पाहिलं नव्हतं. पहाडी लघुचित्रांसारखे रंग, राजस्थान आणि बालीच्या वास्तूंवरून घेतलेले वाडे, कुंड, कमळं. सासूबाई चष्मा लावून खुर्ची पुढे ओढून बसल्या. दुर्गा बोलायला लागली. इंग्रजीत. सासूबाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मला विचारलं, ‘अवो, ही देवी काहून इंग्रजीत बोलून राहिली?’ मी म्हटलं, सेटिंगमध्ये असेल, थांबा. सेटिंग उघडलं, वरखाली केलं. हिंदीचा पर्यायच नाही. त्या उठून आत गेल्या. काही बोलल्या नाहीत.

खरी गोष्ट अशी की हिंदी आवाज मूळ गेममध्ये नव्हता. तो आला २०२२ च्या सुधारित आवृत्तीत, एन्हान्स्ड एडिशनमध्ये. म्हणजे ‘फुल हिंदी’ हे विधान एका आवृत्तीबद्दल खरं आणि मला विकलेल्या आवृत्तीबद्दल खोटं. कॉम्प्युटरवरचे गेम जिथून विकत घेतात आणि चालवतात ते ऑनलाइन दुकान म्हणजे स्टीम. गेम अद्ययावत करावा म्हणून मी स्टीम ऑनलाइन करायला गेले तर स्टीमने पासवर्ड मागितला. वर खात्याचं नाव पाहिलं. भलत्याच कुणाचं तरी. गेम माझ्या नावावर कधी झालाच नव्हता. दुसऱ्याच्या खात्यावरचा गेम ऑफलाइन करून माझ्या लॅपटॉपवर ठेवला होता, एवढाच व्यवहार. स्टीमच्या नियमात खातं विकणं किंवा असं वाटणं बसतच नाही.

मी मेसेज केला. पहिलं उत्तर : ‘ताई, टेन्शन नका घेऊ जी, उद्या पाहतो.’ पुढचं : ‘मॅडम, गेम चालू आहे ना?’ मी तिन्ही प्रश्नोत्तरांचे फोटो पाठवले. निळ्या टिक आल्या. मग त्याचा फोटोच दिसेनासा झाला. ताईची मॅडम झाली तेव्हाच मी काय ते ओळखलं होतं.

पण मला सगळ्यात जास्त चीड आली ती पैशांची नाही. त्या रात्री झोप लागेना म्हणून मी त्याचे बाकीचे व्हिडिओ चाळत होते. एका क्रिकेटच्या गेमचा व्हिडिओ लागला. खाली कमेंट : ‘गोलूची गोष्ट पाहून रडलो.’ क्रिकेटच्या गेमखाली! त्याखाली ‘कोडी एक नंबर’, तीच नावं, तीच अक्षरं, तीच स्पेलिंगची चूक. कुणीतरी एक यादी करून ठेवली होती आणि ती चुकून भलत्या ठिकाणी चिकटवली होती. ज्या मतांवर मी भरवसा टाकला ती खेळणाऱ्यांची मतं नव्हतीच. आमच्याकडे झाडावरच्या संत्र्याचा सौदा होतो तेव्हा दलालच बागेचं मोल ठरवायला लागला तर शेतकरी त्याला बांधावरून परत पाठवतो. इथे दलालानेच चार शेजारी भाड्याने आणून बाग नावाजून घेतली होती.

मग मी हट्टाने खऱ्या खेळणाऱ्यांची मतं वाचायला बसले आणि तिथे मला गेमबद्दल जे कळलं ते सांगते, कारण त्यात राजीचा काही दोष नाही. चित्रं, संगीत, भिंतीवरच्या चित्रांमधून उलगडणाऱ्या पुराणकथा यांचं कौतुक जवळपास सगळ्यांनी केलं आहे. तक्रारीही पुन्हा पुन्हा त्याच : लढाया जड वाटतात, कॅमेरा आपल्या हातात नाही, गेम लहान आहे, शेवट अर्धवट सोडल्यासारखा आहे. कोड्यांचं म्हणाल तर गोल चित्राच्या कड्या फिरवून चित्र जुळवायचं असतं, ती कोडी सुंदर आहेत, पण सोपी आणि मोजकी. बाकी उड्या, चढणं, त्रिशूळ आणि धनुष्य. मी स्वतः पूर्ण खेळून सांगते, या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत, आणि तरीही गेम खेळण्यासारखा आहे. हे दोन्ही एकदम सांगणारा एकही माणूस त्या नागपूरच्या व्हिडिओखाली नव्हता. तिथेच शंका यायला हवी, हे आता तुम्हाला सांगते.

पौराणिक गेमच्या बाबतीत मतं आणखी गढूळ होतात. ‘आपल्या देशाचा आहे, पाच तारे’ असं लिहिणारे खूप असतात. त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे, पण त्यातून कॅमेरा कसा आहे ते कळत नाही. दुसरीकडे देवादिकांचं नाव आलं की न खेळताच रागावणारे असतात. २००९ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन २ वर ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आला, हैदराबादेत तयार झालेला, बटण दाबून देवाला नाचवायचं का, म्हणून त्याला विरोध झाला होता. राजीमध्ये ती अडचण नाही, कारण आपण खेळतो ती साधी मुलगी म्हणून, देव फक्त शस्त्रं आणि आशीर्वाद देतात. परदेशी खेळणारे लिहितात ते बहुतेक ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’शी तुलना करून. मला त्यांचंच लिखाण जास्त उपयोगी पडलं. त्यांना दुर्गेचं कौतुक सिद्ध करायचं नव्हतं, खेळ कसा आहे तेवढंच सांगायचं होतं.

आता जे शिकले ते. स्टीमवर प्रत्येक मताशेजारी लिहिणारा किती तास खेळला ते दिसतं, मत लिहिताना किती खेळला होता तेही. अर्धा तास खेळून ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्याने पहिला वाडासुद्धा ओलांडलेला नसतो. गेम फुकट मिळाला असेल तर तशी खूण असते. बाहेरून ‘की’, म्हणजे गेमचा कोड, घेऊन गेम मिळवलेल्यांची मतं २०१६ पासून तिथल्या एकूण गुणांत धरत नाहीत, कारण त्यातच गैरप्रकार होत होते. मतांची तारीख पाहा. राजीबद्दल २०२० चं मत आणि २०२२ नंतरचं मत ही दोन वेगळ्या गेमबद्दलची मतं आहेत. आधी नकारात्मक मतं वाचा, आणि दहा जण एकच तक्रार करत असतील तर ती तक्रार तुम्हाला सोसेल का एवढंच ठरवा. शेवट अर्धवट आहे हे माहीत असतं तर मी तरीही गेम घेतला असता. पण माहीत असून घेतला असता.

दुकानातून थेट घेतला तर परतीची सोय असते. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. म्हणजे पहिल्या दोन तासांत भाषा, लॅपटॉपचा वेग, कंट्रोलर, सगळं तपासून घ्या. गोष्टीत रमू नका. स्वस्तात देतो म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : गेम माझ्या खात्यावर, माझ्या ईमेलवर येणार का? उत्तरात ‘ऑफलाइन’ हा शब्द आला की संभाषण तिथेच थांबवा. एनीडेस्क किंवा तसलं काही कुणी चालू करायला सांगितलं तर नाहीच म्हणा. माझ्या लॅपटॉपमध्ये सातबाऱ्यापासून बँकेपर्यंत सगळं आहे, आणि मी समोर बसून राहिले म्हणून निभावलं.

व्हिडिओ करणाऱ्याला पैसे मिळाले असतील किंवा गेम फुकट मिळाला असेल तर ते त्याने स्पष्ट सांगायला हवं, असं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. ऑनलाइन मतांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० हे मानकही २०२२ मध्ये आलं, पण ते ऐच्छिक आहे, म्हणून त्या माणसासारख्यांना त्याची भीती नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०. दुसरा नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो; मी ‘उद्या पाहतो’वर थांबले नसते तर काहीतरी हाती लागलं असतं, असं मला सांगणारे घरात आहेत. त्यांना मी एवढंच म्हणते की ‘उद्या’ कुणी सांगितलं होतं ते पाहा.

सेलमध्ये राजी मी स्टीमवरून रीतसर घेतला, माझ्या खात्यावर. आवाजाची भाषा हिंदी केली. सासूबाई आता मागे बसून कुठे उडी मारायची ते सांगतात, बहुतेक वेळा बरोबर. खेळून झाल्यावर स्टीमवर मी मराठीत मत लिहिलं : हिंदी आवाज चांगला आहे, कोडी सोपी आणि थोडी आहेत, लढाया जास्त आहेत, शेवट अर्धवट वाटतो, मुलांना दाखवायला हरकत नाही. त्या नागपूरच्या व्हिडिओखालीही हेच जसंच्या तसं टाकलं. तासाभरात त्याने ते काढून टाकलं. क्रिकेटच्या गेमखालची गोलूची कमेंट मात्र परवा पाहिली तेव्हा तिथेच होती. पुढे-मागे लागली तर म्हणून तिचा फोटो मी काढून ठेवला आहे.