जुनी मोटारसायकल विकताना : कोऱ्या फॉर्मवरची सही आणि वारसांचा हिस्सा

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत जुन्या मोटारसायकलींचा व्यवहार बहुतेक ओळखीवर होतो. गॅरेजच्या बाकड्यावर चहा होतो, नोटा मोजल्या जातात, विकणारा कोऱ्या फॉर्मवर दोन-तीन सह्या करतो, आर.सी. बुक हातात देतो आणि गाडीकडे एकदा पाहून घरी येतो. पुढचे काम घेणाऱ्याने किंवा दलालाने करायचे असते. ते झाले की नाही, हे कोणी पाहत नाही. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी पुष्कळांनी असेच केले असेल. आमच्या घरीही एकदा असेच झाले होते.

अब्बा खेड्यापाड्यांत ऑइल इंजिन आणि पाण्याचे पंप दुरुस्त करीत. १९९१ साली त्यांनी नवी येझदी घेतली. मग जुनी राजदूत पडून राहू लागली म्हणून १९९४ मध्ये ती एका दलालाला विकली. कोऱ्या फॉर्मवर सह्या झाल्या, पैसे मिळाले, विषय संपला असे वाटले. १९९७ मध्ये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस घरी आली. पारोळ्याच्या रस्त्यावर त्या राजदूतने एका सायकलस्वाराला उडवले होते, त्याचा पाय मोडला होता. गाडी तोवर तिसऱ्या हातात गेली होती, विमा संपलेला होता आणि सरकारी नोंदीत मालक म्हणून अब्बांचेच नाव होते. दलालाला तर गाडी कोणाला दिली हेही नीट आठवेना. प्रकरण अखेर तडजोडीने मिटले, पण आमच्या वाट्याची रक्कम उभी करण्यासाठी वर्कशॉपमधले ड्रिल मशीन विकावे लागले. ज्याचा पाय मोडला तो बिचारा मजूर होता. त्याला भरपाई मिळायलाच हवी होती, त्याबद्दल आमची तक्रार नव्हती. चूक आमच्या सह्यांची होती.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात हेच पुन्हा सांगितले. त्या प्रकरणातील गाडी २००७ मध्ये विकली गेली होती आणि मे २००९ मधील अपघातापर्यंत आणखी हात बदलून गेली होती. तरीही भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या पहिल्या मालकावरच ठेवली गेली. जखमी माणसाने किंवा मृताच्या वारसांनी गाडी कोणाकोणाच्या हातून गेली याचा माग काढत फिरावे, अशी अपेक्षा करता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. आम्हाला ते न्याय्य वाटते. आपण सुटलो असे ज्याला वाटते त्याने आधी कागदावरून सुटले पाहिजे.

त्यासाठी कलम ५० आहे. खरेदीदार याच राज्यातला असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला विक्रीची खबर द्यायची. तो फॉर्म २९. राज्याबाहेरचा असेल तर मुदत ४५ दिवसांची, आणि सोबत ना-हरकत दाखला हवा. आपल्याकडची गाडी सहज सेंधवा, बऱ्हाणपूर किंवा सुरतेकडे जाते, म्हणून हे ध्यानात ठेवावे. खरेदीदाराने ३० दिवसांत आपल्या नावावर नोंद मागायची असते. फॉर्म २९ आणि ३० दोन्हींवर सही करताना नाव, पत्ता, तारीख, इंजिन नंबर, चेसिस नंबर सर्व भरलेले असावे. कोरा फॉर्म कोणालाही देऊ नये, मग तो भाऊबंदांतला का असेना. चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा स्वतः काढून घ्यावा आणि आर.सी.शी ताडून पाहावा. जुन्या गाड्यांत एखादा आकडा रंगाखाली बुजलेला असतो आणि ऐन वेळी काम अडते.

आता येझदीची गोष्ट. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनलेली ही २५० सी.सी.ची टू-स्ट्रोक गाडी. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. दोन सायलेन्सर, आणि किक व गिअरचा दांडा एकच. अब्बांनी ती जवळजवळ तीस वर्षे चालवली. हत्यारांची पेटी मागे बांधून सोनगीर, नरडाणा, अमळनेर, चोपडा अशी त्यांची फेरी असे. आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की अम्मी चहाचे आधण ठेवीत. २०२० मध्ये अब्बांचा इंतकाल झाला आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली.

विकायचे ठरले २०२३ मध्ये. पहिला प्रश्न किमतीचा नव्हता, गाडी कोणाची हा होता. आमच्याकडे कितीतरी घरांत मरहूम वडिलांची गाडी मोठा मुलगा वापरतो, विकतो आणि पैसे खिशात घालतो. बहिणीला कोणी विचारत नाही. शेत आणि घर यांबाबत निदान वाद तरी होतो, मोटारसायकलीबाबत तोही होत नाही. वास्तविक तीही तरकाच आहे. आम्ही दोघे भाऊ, एक आपा आणि अम्मी असे चार वारस. अम्मींचा आठवा हिस्सा, उरलेल्याचे पाच भाग, दोन-दोन आम्हा भावांचे, एक आपाचा. आपा भुसावळला असते. तिला फोन केला तर ती म्हणाली, "भाईजान, एका गाडीत काय हिस्सा घेऊ?" आम्ही सांगितले की माफ करायचे असेल तर हातात घेतल्यानंतर कर.

कागदही तसेच करावे लागले. मृत मालकाच्या गाडीसाठी फॉर्म ३१ असतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची प्रतिज्ञापत्रे. शिवाय नोंदणीची १५ वर्षे २००६ मध्ये संपली होती, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होत आले होते, आणि २०२१ चे आमच्याकडून राहून गेले होते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलच्या नूतनीकरणाचे शुल्क ३०० रुपयांवरून १००० झाले होते. त्यावर उशिराची रक्कम, पर्यावरण कर, विमा, पी.यू.सी. आणि गाडीची तपासणी. हे शुल्क वरचेवर वाढते, तेव्हा अर्जाच्या वेळी चालू दर पाहावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना आता नवी सुरक्षा नंबरप्लेटही सक्तीची आहे. सगळे आधी आमच्या नावावर करून घेतले, मगच गिऱ्हाईक पाहिले. आधी गिऱ्हाईक आणि मग कागद असे केले की घाईत सही होते.

भाव काढताना गंमत झाली. भंगारवाला वजनावर बोलला. पुण्याच्या एका शौकिनाने फोनवरच चांगला आकडा सांगितला आणि दोन हजार इसारही पाठवला. येझदी हे नाव २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर परत आले, तेव्हापासून जुन्या गाड्यांनाही विचारणा वाढली आहे. पुढे त्याने बेत सोडला. इसार बुडवावा असे मित्र म्हणाले, बाजारात तशी चालच आहे. पण हनफी फिकहमध्ये असा इसार जप्त करणे जायज मानलेले नाही (हंबली मजहबमध्ये मुभा आहे). आम्ही पैसे परत केले.

मग चोपडा तालुक्यातला एक तरुण आला, पंप दुरुस्तीच्याच धंद्यातला. पंचेचाळीस हजारांवर बोलणे ठरले. तेव्हा आम्ही त्याला गाडीखाली वाकायला लावले. डाव्या पायदानाजवळ चेसिसला अब्बांनी स्वतः केलेली वेल्डिंग होती, नव्या रंगात ती दिसत नव्हती. तिसरा गिअर कधीकधी निसटतो, तेही सांगितले. धाकट्या भावाला हे पटले नाही. तो म्हणाला, त्याने विचारले नव्हते, आपण कशाला सांगायचे? बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या पैगंबरांची (स.) हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ओला माल वर ठेव, म्हणजे लोकांना दिसेल, असा तिचा आशय. रंगाखालची वेल्डिंग त्यात बसते की नाही, यावर भावाशी घरी बराच वाद झाला. तरुणाने पाच हजार कमी केले. चाळीस हजारांवर सौदा झाला.

पंचवीस हजार रोख, बाकी पंधरा हजार तीन हप्त्यांत. येथे बहुतेक लोक आर.सी. अडकवून ठेवतात. हा सर्वांत घातक मार्ग. पैसे पुरे होईपर्यंत गाडी रस्त्यावर त्याची आणि जबाबदारी आपली. आम्ही नाव लगेच बदलू दिले आणि उधारी वेगळ्या कागदावर लिहिली, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीच्या व्यवहाराची लिखापढी करण्याचा जो आदेश आहे तो इतका तपशीलवार आहे की आणखी वेगळा नमुना शोधण्याची गरज पडत नाही. मुदतीबद्दल जादा काही घेतले नाही. गाडी ताब्यात देताना पावतीवर तारीख आणि वेळही लिहिली, कारण अपघात त्याच संध्याकाळी होऊ शकतो. तिऱ्हाइतांपुरता विमा कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर जातो, तरी खरेदीदाराने १४ दिवसांत कंपनीकडे नाव बदलून मागायचे असते. तो अर्ज आम्हीच भरून दिला.

निघताना त्याला किक जमेना. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवायचा, मग तो किक होतो, हे त्याला दोनदा दाखवावे लागले. टू-टी ऑइल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे अब्बांचे माप, एक पितळी पेला, तोही देऊन टाकला.

हिशेब असा झाला : अम्मी ५,०००, आम्ही भाऊ प्रत्येकी १४,०००, आपा ७,०००. आपाने पैसे घेतले आणि परत केले नाहीत. मुलाच्या शाळेची फी भरली.

महिन्याभराने नव्या नावाच्या आर.सी.ची झेरॉक्स पोस्टाने आली, तेव्हा आमची फाईल बंद केली. शेवटचा हप्ता द्यायला तो तरुण येझदीवरच धुळ्याला आला. तिसरा गिअर अजून निसटतो, म्हणाला.