आलोच!

सज्जनहो, व्याकरणात काळ तीन: भूत, वर्तमान, भविष्य. परंतु पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात एक सवलत ठेवली आहे. वर्तमानाला लागून असलेला भूत वा भविष्यकाळ हवे तर वर्तमानासारखा बोलावा. अजून उठायचा आहे तोही म्हणतो, ‘हा निघतो.’

आपली मराठी त्याही पुढे! आई हाक मारते, मूल जागचे हलत नाही, पण ओ देते, ‘आलोच!’ येणे व्हायचे आहे, बोलणे मात्र झाल्यासारखे.

आता वारीत पाहा. ज्ञानोबारायांनी शके १२१८ मध्ये समाधी घेतली. तरी वाटेत कोणी विचारले, ‘माउली आज कुठे आहेत?’ तर आपण सांगतो, ‘सासवडला.’ ‘होते’ असे कोणी म्हणत नाही. सातशेंहून अधिक वर्षे प्रेमाने आजला लागून बसली!

मग बाबांनो, नामच तेवढे लांब का ढकलता? ‘म्हातारपणी घेऊ’ म्हणजे देवाला ‘आलोच’ म्हणून बसून राहणे. मागचा श्वास गेला, पुढच्याची हमी नाही; हाती हा एकच. त्यात विठ्ठल म्हणा, म्हणजे ‘आलोच’ खरे होईल.