रविवारची रांग नाही, मंगळवारची टेबलं मोजा

"सर, सिंहस्थ येतोय, मिसळीचं हॉटेल टाकू का?" हा प्रश्न सध्या मला सगळ्यात जास्त विचारला जातो. व्हिडिओमध्ये थोडक्यात बोललो होतो, इथे हिशोब लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझी चूक सांगतो. 2018 मध्ये एका रविवारी सकाळी मित्रांबरोबर गंगापूर रोडच्या बाजूला मिसळ खायला गेलो. पार्किंगला जागा नाही, नंबर लागायला पाऊण तास. मी मनातल्या मनात प्लेटा मोजल्या, त्याला भावाने गुणलं आणि ठरवलं, धंदा हाच! सिडकोत गाळा घेतला. वडिलांच्या पीएफमधले चार लाख घातले. बीबीए झालेलं होतं, कॉस्टिंग येत होतं. तरी अकरा महिन्यांत शटर खाली आलं. वडील एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

चूक कुठे झाली? मी रविवार बघितला, मंगळवार बघितलाच नाही.

हिशोब बघा

समजण्यासाठी आकडे धरू. भाडं, पगार, वीज मिळून महिन्याचा ठरलेला खर्च 78,000 रुपये. आठवड्याला एक सुट्टी, म्हणजे महिन्यात 26 दिवस चालू. रोजचा खर्च झाला 3,000. मिसळीची प्लेट 90 रुपये. मटकी, फरसाण, तेल, मसाला, पाव, पापड, दही, गॅस धरून 45 गेले. हातात राहिले 45. म्हणजे रोज 67 प्लेटा गेल्या तरच ना नफा, ना तोटा. आठवड्याच्या सहा दिवसांच्या 402.

आता रविवारी 150 गेल्या आणि बाकीचे पाच दिवस 25-25. एकूण 275. तूट 127 प्लेटांची, म्हणजे आठवड्याला 5,715 रुपये. महिन्याला जवळपास 25 हजार खिशातून! आणि ही तूट एकट्या रविवारने भरायची तर त्या दिवशी 277 प्लेटा लागतात. तेवढी टेबलं तुमच्याकडे आहेत का?

सातपूरला काय सापडलं

हॉटेल बंद झाल्यावर कामासाठी सातपूर एमआयडीसीत जाणं-येणं असायचं. तिथे एक साधं नाश्ता सेंटर आहे. सहा टेबलं, बोर्डाचा रंग उडालेला. मंगळवारी दुपारी साडेतीनला गेलो तर बसायला जागा नाही. शिफ्ट सुटली होती. काकांना म्हटलं, "काका, रविवारी तर रांगच लागत असेल!" ते हसले. "अरे बाबा, कंपन्यांना सुट्टी असते त्या दिवशी आम्ही बंदच ठेवतो."

मग मी नीट बघायला लागलो. सकाळी मिसळ. दुपारी त्याच रश्श्यात वडा टाकून वडा-रस्सा. तीच मटकी डब्यासाठी उसळ म्हणून पार्सल. एक पातेलं, तीन वेळा विक्री. वाया काहीच जात नाही. मेनूत एकूण सात पदार्थ. माझ्या मेनूत चाळीस होते!

आपल्या गावातली जुनी नावं आठवा. सायंतारा म्हटलं की साबुदाणा वडा, कोंडाजी म्हटलं की चिवडा. नाव घेतल्याबरोबर पदार्थ डोळ्यांसमोर येतो. मिसळीचंही तसंच आहे. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस येतात, आपल्याकडे पाव, पापड आणि दही लागतं. नाशिककर बसायच्या आधीच त्याची प्लेट ठरवून आलेला असतो. ती नीट द्या, मग नवीन प्रयोग करा.

या आठवड्याचा गृहपाठ

1. तुमच्याच भागातलं एक साधं हॉटेल निवडा. फेमस नको.
2. तिथे तीन वेळा जा: मंगळवारी सकाळी 9, मंगळवारी दुपारी 4 आणि रविवारी सकाळी 9.
3. प्रत्येक वेळी अर्ध्या तासात किती जण आले, किती पार्सल गेलं आणि कोणता पदार्थ सगळ्यात जास्त गेला, ते लिहा.
4. गिऱ्हाईक कोण आहे ते बघा. कामगार, क्लासची मुलं, दवाखान्यात आलेले नातेवाईक? तो रोज येणारा आहे का?
5. खाऊन बिल द्या आणि गर्दीच्या वेळी टेबल अडवू नका. तो कुणाचा तरी धंदा आहे.

आता सिंहस्थाचं उत्तर. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शाही पर्वण्यांना गर्दी येईल, यात शंका नाही. पण गर्दी जाईल आणि गाळ्याचं भाडं राहील. तेवढ्यापुरता स्टॉल लावायचा असेल तर त्याचा हिशोब वेगळा मांडा. कायमचं हॉटेल टाकायचं असेल, तर मंगळवारी दुपारी चारला तुमच्या गल्लीत भूक कुणाला लागते, ते आधी शोधा. ते सापडलं नाही तर वडिलांच्या पैशांना हात लावू नका.

तीन भेटींचे आकडे कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातलाच एक हिशोब आपण मिळून सोडवू.