मातीचा बांध, खारं पाणी

सख्यांनो, नकाशात पश्चिम बंगाल काढा. गंगा समुद्राला मिळते तिथे नदीच्या फाट्यांनी जमिनीचे तुकडे तुकडे केलेत. हे सुंदरबन. भारताच्या बाजूला माणसं राहतात अशी 54 बेटं आहेत, गोसाबा त्यातलंच एक. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून बेटाभोवती मातीचा बांध. बाहेर खारं पाणी, आत भातशेती आणि घराशेजारी पावसाच्या पाण्याचं तळं. तळ्याची माती काढून घराचं जोतं उंच करतात. तळ्यात मासे, त्याच पाण्यावर भांडी-धुणी.

आता नीट लक्ष द्या. आतली शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. असं का? भरतीबरोबर गाळ येतो, जमिनीवर बसतो, जमीन हळूहळू उंच होते. पण वस्तीसाठी लोकांनी बांध लवकर घातले. गाळ बाहेर राहिला, नदीचा तळ भरत गेला, शेत मात्र होतं तिथंच. म्हणजे बेट ताटासारखं नाही, वाटीसारखं. बांध फुटला की वाटी भरते.

25 मे 2009 ला 'आयला' वादळात हेच झालं. तळ्यातले मासे मेले, गोडं पाणी गेलं, कितीतरी शेतांत पुढची दोन-तीन वर्षं भात नीट पिकला नाही. पुरुष केरळ-तमिळनाडूकडे मजुरीला गेले. घर आणि म्हातारी माणसं बायकांच्या अंगावर आली.

बऱ्याच जणी कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात उभ्या राहून कोळंबीची बारीक पिल्लं जाळ्यात धरतात. रोख पैसा मिळतो, पण अंगाचे आजार जडतात, आणि जाळं ओढताना काठावरची कोवळी रोपंही मोडतात. 'नका धरू' म्हणणं सोपं आहे. चूल कशावर पेटवायची तेही सांगणाऱ्यानं सांगावं.

याच बायकांनी रोजगार हमीत कांदळवनाची रोपंही लावली. बांधावर नाही बरं का, बांधाबाहेर, नवा गाळ बसतोय तिथे. तिवराची मुळं चिखलातून वर डोकावतात, गाळ धरतात, लाटेचा जोर मोडतात. काठ कापला जातोय तिथे रोप टिकत नाही.

आयलानंतर खारं पाणी सोसणाऱ्या जुन्या भाताचं बियाणं शोधलं, तर फार थोड्या घरांत सापडलं. आपल्या कोकणात खारजमिनीत 'राता' भात असाच. पुढच्या बैठकीत म्हाताऱ्या बायांना विचारा, कुणाच्या कणगीत अजून आहे का?